गिताबाईंची लाल केळ

शिवरात्र उलटल्याशिवाय केळीच्या पानाला कात्री लावायची नाही, असा हौसरावांच्या घरात कायदा होता. कायदा गिताबाईंचा. त्या निमोण्याच्या, शेतकऱ्याघरच्या. माहेरी विहिरीच्या कडेला केळी होत्या, त्यामुळे केळीतलं आपल्याला कळतं आणि बाकी दौंडात कुणालाच कळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. थंडीनं करपलेली पानं कितीही भिकार दिसली तरी ती गाभ्याभोवती तशीच लोंबू द्यायची. थंडी शिव शिव करत गेली की मग झाड मोकळं करायचं. हौसराव त्याआधी कात्री शोधायला लागले की त्या म्हणायच्या, "वंगाळ दिसतीय म्हणून पोराच्या अंगावरची गोधडी वढता व्हय?"

केळ एकच, सिमेंटच्या मोठ्या कुंडीतली. शोभेची, लाल पानांची. तिची छाटणी म्हणजे दहा मिनिटांचं काम, पण या दोघांना त्याला दीड तास लागायचा. हौसराव कुंडीसमोर पाटावर बसायचे. गिताबाई पायरीवर. हौसराव एका पानाचा देठ धरायचे आणि थांबायचे.

"लाल," गिताबाई म्हणायच्या.

"लाल," हौसराव म्हणायचे आणि ते पान सोडून पुढचा देठ धरायचे.

"वाळकं."

"वाळकं." मग कात्री चालायची.

नवखा माणूस हे बघून हसला असता. मी कधी हसलो नाही. ही पद्धत रेल्वेच्या इंजिनातून आली होती आणि ती इंजिनातून कुंडीपर्यंत यायला मी कारण झालो होतो.

हौसराव दौंडचे मालगाडीचे ड्रायव्हर. मी, मच्छिंद्र, त्यांचा असिस्टंट. इंजिनात नियम असा की पुढचा सिग्नल दिसला की असिस्टंटनं तो मोठ्यानं पुकारायचा आणि ड्रायव्हरनं स्वतः बघून, हात वर करून तोच शब्द परत म्हणायचा. "होम हिरवा." "होम हिरवा." होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. चार डोळ्यांनी बघितलेलं चुकत नाही म्हणून हा नियम. बरेच ड्रायव्हर यात कंटाळा करतात, नुसतं हूं म्हणतात. हौसराव हूं म्हणणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्याबरोबर ड्युटी लागली की चालत्या गाडीत सिग्नलशिवाय एक शब्द बोलायची सोय नसायची. चहात साखर कमी पडली तर ती तक्रारसुद्धा ते पुढच्या स्टेशनात गाडी उभी राहिल्यावर करायचे. काचा वर्तमानपत्रानं पुसायचे, स्वतःच्या हातानं, आणि मी पुसलेल्या काचा पुन्हा पुसायचे. मला राग यायचा. पण काम मी त्यांच्याकडूनच शिकलो.

१९९४ सालची गोष्ट. दुपारची वेळ, लख्ख ऊन. खुटबाव सोडून आम्ही यवतकडे चाललो होतो. मी मागं इंजिनरूममध्ये ऑइल बघायला गेलो आणि परत आलो तो समोर यवतचा होम सिग्नल लाल, आणि गाडी आहे त्याच वेगात. हौसराव सरळ समोर बघत बसलेले. डुलकी नाही, काही नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "लाल! मामा, लाल!"

त्यांनी ब्रेक मारला. गाडी सिग्नलच्या खांबाच्या अलीकडे दोन डब्यांच्या अंतरावर थांबली. काही झालं नाही. गार्डनंही काही विचारलं नाही.

हौसराव उठले आणि वर्तमानपत्रानं समोरची काच पुसायला लागले. मग म्हणाले, "मला त्यो दिवा नुसता मळका दिसला रं."

"कवापासनं, मामा?"

"पावसाळ्यापासनं."

आदल्या वर्षी त्यांना छातीचा आजार झाला होता. त्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या. त्यातल्याच एका गोळीनं डोळ्यांतला रंग खाल्ला, असं नंतर मेडिकलच्या डॉक्टरांनी सांगितलं. हिरवा, लाल, तपकिरी, सगळं त्यांना मातीच्या रंगाचं दिसायला लागलं होतं. आणि हा माणूस तीन महिने फक्त माझ्या ओरडण्यावर गाडी चालवत होता.

"तू वरडत जा," ते म्हणाले. "डोळं तुझं, हात माझा. नोकरीची सात वर्षं राहिल्यात, निघून जातील."

मी चाळीस दिवस ओरडलो. त्या चाळीस दिवसांत मी चालत्या गाडीत पाणी प्यालो नाही, शिंक आली तरी डोळे उघडे ठेवून शिंकायचा प्रयत्न केला. मग माझी रजा मंजूर झाली, आणि माझ्या जागी दुसरा कुणी असिस्टंट येणार हे कळलं. तो हूं म्हणणाऱ्यांतला निघाला तर? मालगाडीत माल असतो, पण समोरच्या गाडीत माणसं असतात. हौसरावांना न सांगता मी फोरमनसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

कुणालाही विचारा, मच्छिंद्रनं बरोबर केलं असंच म्हणेल. खुद्द हौसरावही तसंच म्हणाले. रेल्वेच्या डॉक्टरांनी डोळे तपासायचं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक त्यांच्यापुढं धरलं, त्यांना त्यात एकही आकडा दिसला नाही. ते बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या मला म्हणाले, "बरोबर केलंस." एक शिवी घातली असती तर मी सुखानं जगलो असतो.

ड्रायव्हरकी गेली. रनिंग रूमवर, म्हणजे ड्युटी संपवून आलेले ड्रायव्हर जिथं झोपतात तिथं, देखरेखीला त्यांची नेमणूक झाली. ज्या खाटांवर हौसराव बूट काढून आडवे व्हायचे त्याच खाटांवर आता दुसऱ्यांसाठी चादरी घालायला लागले. जुने सोबती त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलायचे. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण मी कोण बोलणार?

गिताबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. भाजीबाजारात समोरासमोर आलो तर माझ्या डोक्यावरून पलीकडं बघायच्या. अडीच वर्षं. मग सत्त्याण्णव साली एक दिवस मी कॉलनीतून चाललो असताना मागून हाक आली, "ए मच्छिंद्र, हिकडं ये. कुंडी उचलायला मानूस पायजे."

यवतला हायवेवरच्या नर्सरीतून त्या ही लाल केळ घेऊन आल्या होत्या. एसटीत मांडीवर घेऊन. रुंद पानं, वांग्याच्या सालीच्या रंगाची, आणि उन्हात धरलं की आतून कुंकू दिसावं तशी. मी कुंडी जागेवर ठेवली आणि माझ्या स्वभावाप्रमाणं नको ते बोललो. "मामी, मामांना ह्यो रंग दिसतो कुठं?"

गिताबाईंनी अडीच वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "न्हाई दिसत म्हणून काय घरातलं लाल काढून टाकायचं? मी हाय की सांगायला."

आणि त्या सांगत राहिल्या. सकाळी हौसराव दात घासत कुंडीपाशी यायचे, "लाल हाय?" म्हणायचे. आतून उत्तर यायचं, "लाल हाय." टोमॅटो पिकला की नाही, लेकीचा, शितलचा शालू कसा आहे, समोरच्या दारातली जास्वंद फुलली का, सगळं त्या सांगायच्या आणि हौसराव तो शब्द परत म्हणायचे. शितलच्या लग्नात तर पाहुण्यांना वाटलं, म्हातारा बहिरा आहे. हौसराव पुन्हा हसायला लागले ते तेव्हापासून. मीही दर शिवरात्रीनंतर कुंडी फिरवायला, वरची माती बदलायला हजर असायचो. गिताबाई मला चहा द्यायच्या. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, पण चहात साखर पुरेशी असायची.

२००२ साली माझी सोलापूरला बदली झाली. तिकडं तीन छाटण्या हुकल्या असत्या, पण तिसरी हुकली नाही. २००५ च्या जानेवारीत गिताबाई गेल्या. सकाळी पाणी तापवायला बसल्या होत्या, छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी आलो तेव्हा हौसराव अंगणात भिंतीला टेकून बसले होते. निवृत्तीनंतर त्यांनी गोपाळवाडी रस्त्याला दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथलं ते अंगण. बायकांनी गिताबाईंचा मळवट भरला. हौसराव त्यांच्या तोंडावर वाकले, बराच वेळ बघत राहिले, आणि मला म्हणाले, "लाल हाय का रं?"

"लाल हाय, मामा."

"मला मातीच दिसती."

त्या दिवशी केळीकडं माझं लक्ष गेलं नाही. कोपऱ्यात करपलेल्या पानांचा एक गबाळा उभा होता, एवढंच दिसलं.

मार्चमध्ये मी बदली होऊन दौंडला परत आलो आणि चौथ्या दिवशी हौसरावांचा निरोप आला. शिवरात्र झाली आहे, छाटणी करायची आहे, पुकारायला माणूस नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. दहा वर्षांनी त्यांनी मला पुन्हा सिग्नल पुकारायला बोलावलं होतं. मी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गेलो.

पायरीवर गिताबाईंच्या जागेवर बसताना संकोच वाटला. हौसराव पाटावर बसले. कात्री पुसून ठेवली होती, शेजारी खोडाची वाळकी सोपटं काढायला कोयता. केळीचा चीक लागला की डाग जात नाही म्हणून त्यांनी रनिंग रूमचा जुना खाकी शर्ट घातला होता. त्यांनी पहिला देठ धरला.

"वाळकं," मी म्हणालो.

"वाळकं."

पाच-सहा पानं अशी गेली. बाहेरची सोपटं त्यांनी बोटांनी सोलून काढली, खोड गुळगुळीत केलं. वर दोन पानं जिवंत होती आणि मधोमध नव्या पानाची गुंडाळी, पोगा. दोन्ही पानं चक्क हिरवीगार, आपल्या जेवायच्या पानासारखी. मी ते आल्या आल्या पाहिलं होतं. मनात म्हटलं, लाल केळ कधीतरी मेली असेल, मामींनी दुसरी लावली असेल. झाडं मरतात. त्यात विचारण्यासारखं काय?

हौसरावांचा हात बुंध्याशी गेला आणि थांबला. मातीतून तीन पिलं, म्हणजे केळीचे नवे कोंब, वर आली होती, वीत-वीतभर. त्यांनी तिन्ही चाचपली.

"मच्छिंद्र, लाल केळीला पिलं येत न्हाईत. नर्सरीवाल्यानंच सांगितलं व्हतं. आठ वर्षांत एक आलं न्हाई. ही कुठनं आली?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. निदान विचार करायला हवा होता की हा माणूस असं का विचारतो आहे. पण माझं तोंड म्हणजे सुटलेली गाडी. मी म्हणालो, "ही कुठं लाल हाय, मामा? ही साधी हिरवी केळ. साध्या केळीला पिलं यायचीच."

त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"काय म्हणालास?"

आता मागं घ्यावं तर कसं? "हिरवी हाय, मामा. मला वाटलं, तुम्हाला ठावं असंल."

एक पान हातात घेऊन त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं, उन्हाकडं धरलं, उलटं करून बघितलं. त्यांना काय दिसणार? मातीच. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कवापासनं हिरवी हाय?"

"मला न्हाई ठावं. मी सोलापूरला व्हतो."

"ती तर म्हणायची लाल हाय. मेली त्या दिवशी सकाळी बी म्हणाली." पान सोडून ते म्हणाले, "आन्‌ शितलचा शालू?"

"शालू लालच व्हता, मामा. मी व्हतो की लग्नात."

"आन्‌ जास्वंद?"

"लाल."

"कशावरनं?"

ज्यानं उभा जन्म ऐकलेल्या सिग्नलवर भरवसा ठेवला त्याला एक सिग्नल खोटा निघाला की मागचे सगळे खोटे. मी "मामा, अवो मामा" करत पायरीवरून उठलो. तोवर त्यांनी कोयता उचलला होता.

"मला येडा केला तिनं," ते ओरडले. "बायकूनं येडा केला!" आणि त्यांनी केळीच्या बुंध्यावर घाव घातला. केळीचं खोड म्हणजे नुसतं पाणी. तीन घावांत झाड आडवं झालं. चीक त्यांच्या शर्टावर, दाढीवर उडाला. मग चौथा घाव आणि पाचवा, आता तिथं काही उभं नसताना. मी हात धरला तेव्हा ते थांबले आणि तसेच पाटावर बसून रडले. गिताबाई गेल्या त्या दिवशी ते रडले नव्हते.

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून शितलला फोन केला. ती शिरूरला दिलेली. दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं ती आली. अंगणात आडवं पडलेलं झाड तिनं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काय घडलं असेल ते तिला न सांगताच कळलं.

"मच्छिंद्रदादा, तुम्हीच सांगितलंत ना?" ती मला म्हणाली. मी मान हलवली. बापाशेजारी जमिनीवर बसून मग तिनं सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी, २००३ च्या जानेवारीत, हौसराव हर्नियाच्या ऑपरेशनला पुण्याला दहा दिवस होते. गिताबाई त्यांच्याजवळ होत्या आणि दौंडात कडाक्याची थंडी पडली होती. घर बघायला त्या एकट्या दौंडला येऊन बघतात तो लाल केळ कंदासकट सडलेली. हौसराव अजून दवाखान्यातच होते. गिताबाई त्याच दिवशी यवतला नर्सरीत गेल्या. लाल केळ नव्हती, कधी येईल तेही नर्सरीवाल्याला माहीत नव्हतं. मग त्या निमोण्याला गेल्या, भावाच्या विहिरीवरच्या केळीचं पिलू काढून आणलं आणि त्याच कुंडीत लावलं. उंचीत फरक दिसला तर काय म्हणायचं ते ठरवलं होतं. थंडीनं वरून सडली म्हणून या वेळी शिवरात्रीआधीच छाटली, असं.

"मी म्हटलं, आई, सांगून टाक ना आबांना," शितल म्हणाली. "तर म्हणाली, त्यांची गाडी गेली, डोळं गेलं. आता हे एक लाल राहिलंय त्यांचं, ते मी जाऊ द्यायची न्हाई. रोज पहाटे उठून कुंडी चाचपायची. पिलू दिसलं की मुळापासनं उपटायची आन्‌ परड्यात पुरायची. दोन वर्षं, आबा. एक दिवस चुकवला न्हाई. मला म्हणायची, पिलं उपटताना लई वंगाळ वाटतं गं, जिवंत असत्यात."

गिताबाईंना जाऊन दोन महिने झाले होते. उपटणारं कुणी नव्हतं म्हणून तीन पिलं वर आली होती.

हौसरावांनी हे सगळं खाली मान घालून ऐकलं. शेवटी फक्त एवढंच विचारलं, "थंडीत बी उठायची?"

"थंडीत बी."

शितल चहा करायला आत गेली. हौसराव गुडघ्यावर हात देऊन उठले आणि कुंडीपाशी जाऊन खाली बसले. मीही गेलो. घावाखाली एक पिलू चिरडलं होतं, दोन वाचली होती. आणि जिथं खोड तोडलं होतं तिथं, मधोमध, एका रात्रीत बोटभर नवा पोगा वर आला होता. केळीचं असंच असतं. वरून तोडली तरी आतला गाभा ढकलत राहतो. हौसरावांच्या बोटांना तो लागला. ओला, थंड, अजून न उलगडलेला. त्यांनी दोन बोटांत तो धरला आणि थांबले.

त्यांचं तोंड पायरीकडं होतं. ते कशासाठी थांबले आहेत ते मला कळलं, आणि मला वाटलं, जन्मात एकदा तरी आपण खोटं बोलायला शिकलं पाहिजे. मी घसा साफ केला.

"लाल," मी म्हणालो.

हौसरावांनी तो शब्द परत म्हटला नाही. पोगा बोटांतून सोडून दिला. माझ्या खांद्यावर चिकानं काळा पडलेला हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "तू नको वरडू, मच्छिंद्र. ती लाल म्हणली की पान ऱ्हायचं. तू लाल म्हणलास की गाडी थांबती."

मी तिथंच बसून राहिलो. आतून शितलनं कप ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं हौसराव म्हणाले, "च्या घे आन्‌ जा घरी. जाताना फाटक लाव, शेळ्या येत्यात केळीला."

मी फाटक लावलं. गजांतून बघितलं तर ते अजून कुंडीपाशी बसले होते, तोंड पायरीकडं करून.